मंदी, उद्योग आणि प्रदेश : जॅरो व कॉव्हेंट्री

मंदी साऱ्या देशावर येते. परंतु तिचा भार सर्व प्रदेशांवर सारखा पडत नाही. १९३० नंतरच्या दशकातील ब्रिटनचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९३४ साली विमाधारक कामगारांतील बेकारीचे प्रमाण ईशान्य इंग्लंडातील जॅरो येथे शेकडा ६८ च्या घरात होते. त्याच वर्षी मध्य इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे ते शेकडा ५ च्या आसपास होते.

या अंतराचे कारण कामगारांच्या गुणदोषांत शोधणे व्यर्थ होय. जॅरो हे गाव १८५२ मध्ये स्थापन झालेल्या पामर यांच्या जहाजबांधणीच्या कारखान्यावर पोसले गेले होते. कोळसा, लोखंड आणि जहाजे हे तेथील धंदे परस्परांत गुंतलेले होते आणि तिन्हींचे जीवित जागतिक व्यापारावर अवलंबून होते. तो व्यापार आटताच एका धंद्याने दुसऱ्यास सावरण्याऐवजी सर्वच एकदम खचले. मजुरी थांबली, तसा दुकानदारांचाही गल्ला रिता झाला. १९३४ मध्ये कारखान्याची जागा विकत घेणाऱ्या जहाजबांधणी व्यावसायिकांच्या संस्थेने तेथे ४० वर्षे जहाजे बांधली जाऊ नयेत असा निर्बंध घातला. उलट, कॉव्हेंट्रीच्या मोटारी व विजेची उपकरणे यांना देशांतर्गत मागणी होती.

शासनाच्या विचारातील बदल शब्दांतूनही दिसतो. १९२८ पासून कामगारांना अन्यत्र हलविण्यावर भर होता. १९३४ च्या विधेयकातील ‘मंदीग्रस्त प्रदेश’ ही संज्ञा संसदेत बदलून ‘विशेष प्रदेश’ अशी करण्यात आली; परंतु नावाने काम मिळत नाही. ऑक्टोबर १९३६ मध्ये जॅरोचे सुमारे २०० पुरुष काम मागण्यासाठी लंडनपर्यंत पायी गेले. उद्योगांच्या विभागणीविषयी नेमलेल्या बार्लो आयोगाचा अहवाल १९४० मध्ये आला आणि १९४५ च्या कायद्याने ‘विकास प्रदेश’ ही संज्ञा रूढ केली. कामगाराने कामाकडे जाण्याऐवजी काम कामगाराकडे नेणे, हा तिचा आशय होता.

तथापि कॉव्हेंट्रीचे सुदैवही चिरस्थायी ठरले नाही. मोटारधंद्यावरच तिची भिस्त वाढत गेली आणि १९८० नंतरच्या मंदीत तो धंदा खचताच हेच नगर बेकारीने ग्रासले गेले. तात्पर्य, एखाद्या प्रदेशाचे रक्षण कोणताही एक भरभराटीचा धंदा करीत नाही; भिन्न कारणांनी चढणारे व उतरणारे अनेक धंदेच ते करू शकतात. ही विविधता भरभराटीच्या काळातच जोपासावी लागते, आणि नेमकी त्याच काळी तिची निकड कोणास भासत नाही.