मुका कागद : ब्रिटिश अमदानीतील मुद्रांक व प्रोबेट शुल्क आणि ती चुकविण्याचा दंड

ब्रिटिश अमदानीतील करव्यवस्थेचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा जमीनमहसूल, मीठ व अबकारी यांकडे जाते. मुद्रांकशुल्काची दखल त्या मानाने थोडी घेतली गेली आहे. वास्तविक दस्तऐवजाच्या प्रत्येक ओळीशी व शब्दाशी निगडित असा हाच एक कर होता, आणि म्हणून तो इतिहासाच्या अभ्यासकाइतकाच भाषेच्या अभ्यासकाचाही विषय आहे. हे शुल्क चुकविणाऱ्यास कायदा कोणता दंड करी आणि त्या दंडाचा भार अखेर कोणावर पडे, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बंगाल इलाख्यात पोलीसखर्चासाठी बसविलेला कर रद्द झाल्यावर उत्पन्नाची तूट भरून काढण्यासाठी इ. स. १७९७ च्या सहाव्या विनियमाने मुद्रांकशुल्क लागू झाले. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या विनियमसंग्रहात अठरावा विनियम याच विषयाचा होता. सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू असा कायदा १८६० मध्ये आला. त्यानंतर १८६९ व १८७९ चे कायदे होऊन १८९९ च्या दुसऱ्या कायद्याने या विषयास स्थिर रूप दिले. पुढील विवेचन मुख्यतः या १८९९ च्या कायद्याच्या मूळ दरांवर व कलमांवर आधारलेले आहे.

शुल्क चुकविण्याबद्दल फौजदारी शिक्षा होत्याच. मुद्रांक नसलेला दस्त करून देणाऱ्यास कलम ६२ अन्वये पाचशे रुपयांपर्यंत, आणि सरकारास फसविण्याच्या हेतूने व्यवहाराची खरी हकीकत दस्तात न लिहिणाऱ्यास कलम ६४ अन्वये पाच हजार रुपयांपर्यंत दंड होई. बनावट मुद्रांक करणाऱ्यासाठी १८६० च्या दंडसंहितेत जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली होती. तथापि कायद्याचे खरे बळ या शिक्षांत नव्हते; ते कलम ३५ मध्ये होते. योग्य मुद्रांक नसलेला कागद न्यायालयात पुरावा म्हणून वाचला जाणार नाही, असे हे कलम सांगते. अशा कागदास मुका कागद म्हणणे वावगे होणार नाही. सरकारास गावोगाव तपासनीस नेमण्याची गरज नव्हती. दाव्यातील प्रतिपक्षच ते काम आपल्या हितासाठी चोखपणे बजावीत असे.

या मुक्या कागदास वाचा फुटावी म्हणून कायद्याने एक वाट ठेवली होती. राहिलेले शुल्क आणि त्याशिवाय पाच रुपये किंवा तुटीच्या दहापट, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तितका दंड भरल्यास तो कागद पुराव्यात घेतला जाई. दोनशे रुपयांच्या कर्जरोख्यास एक रुपया शुल्क होते. तो कोऱ्या कागदावर लिहिला असल्यास न्यायालयात एकूण अकरा रुपये भरावे लागत. हजार रुपयांच्या रोख्यास शुल्क पाच रुपये असल्याने ही रक्कम पंचावन्न रुपये होई. येथे हेतूची चौकशी नव्हती. शुल्क लबाडीने चुकविले की अज्ञानाने राहिले, हा प्रश्न फौजदारी कलमापुरता महत्त्वाचा होता. पुराव्याच्या कलमात त्यास स्थान नव्हते.

मात्र ही वाट सर्वच कागदांना खुली नव्हती. केवळ एक आणा शुल्क असलेले दस्त, तसेच हुंडी व वचनचिठ्ठी यांना ती बंद होती. याचा परिणाम मोठा विलक्षण होता. हजार रुपयांचा मुद्रांकहीन कर्जरोखा पंचावन्न रुपये भरून तारता येई. परंतु त्याच हजार रुपयांच्या देण्याच्या कबुलीवर एक आण्याचे तिकीट नसेल, तर ती कबुली कितीही दंड भरला तरी धनकोस पुराव्यात आणता येत नसे. तीन वर्षांची मुदत संपत आलेल्या कर्जाला अशा कबुलीनेच नवी मुदत मिळत असल्यामुळे एका आण्यापायी सबंध येणे बुडण्याची पाळी येई.

आता कबुली कोणती आणि रोखा कोणता, हे ठरवावयाचे कसे? येथे कायदा थेट व्याकरणाच्या प्रांतात शिरतो. वीस रुपयांवरील देण्याची धनकोच्या वहीत अथवा त्याच्या ताब्यातील कागदावर ऋणकोने दिलेली कबुली एक आण्यास पात्र होती. मात्र तीत कर्ज फेडण्याचे वचन किंवा व्याजाचा करार असता कामा नये, अशी अट होती. वचन असेल, साक्षी असतील आणि रक्कम आदेशानुसार वा धारकास देय नसेल, तर तोच मजकूर कर्जरोखा ठरे. गुजराती चोपड्यांतील ‘बाकी देवा’ या दोन शब्दांत केवळ कबुली आहे की फेडीचे वचनही आहे, हा वाद मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे आला होता. मराठी वहीतील ‘बाकी देणे’ याविषयी हाच प्रश्न उपस्थित होतो. ‘देणे’ हे रूप नाम म्हणून घेतले तर ते ऋणाचे नुसते निवेदन होते. कर्तव्यवाचक म्हणून घेतले तर त्यात बंधन येते. ‘देईन’ या भविष्यकाळी रूपात मात्र अशी संदिग्धता नाही. व्यापाऱ्याच्या कारकुनाने सवयीने लिहिलेल्या एका कृदन्तावर शुल्काचा दर अवलंबून राहिला. एवढेच नव्हे, तर तिकीट नसलेल्या कबुलीस वाचविण्याचा मार्ग नसल्यामुळे, आपला कागद अधिक शुल्कास पात्र असा रोखाच आहे, असे प्रतिपादणे कित्येकदा धनकोच्या हिताचे होते.

दंडाचा भार कोणावर पडे याचे उत्तर कलम २९ व ४४ एकत्र वाचल्यावर मिळते. निराळा करार नसल्यास रोख्याच्या मुद्रांकाचा खर्च तो लिहून देणाऱ्याने, म्हणजे ऋणकोने, करावयाचा असे. न्यायालयात दंड प्रथम सावकार भरी. परंतु खर्च ज्याच्या माथी होता त्याच्याकडून शुल्क व दंड वसूल करण्याचा हक्क त्यास होता, आणि न्यायालय ती रक्कम दाव्याच्या खर्चातही धरू शके. म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उठविणाऱ्या कुळाकडे दहापट दंड हुकूमनाम्याच्या वाटेने परत येऊ शके. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सुरू झालेल्या दंग्यात शेतकऱ्यांचा रोष मुख्यतः सावकारांच्या रोख्यांवर व हुकूमनाम्यांवर होता. कागदाचे सामर्थ्य काय असते, हे निरक्षरांनाही पुरते कळले होते, असाच याचा अर्थ होतो. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्यांचे दस्त गावनिबंधकासमोर करण्याची व त्यांना लेखी पावती मिळण्याची तरतूद केली, ती या पार्श्वभूमीवर.

प्रोबेट शुल्काची रचना याहून वेगळी होती. ते मुद्रांक कायद्यात नसून १८७० च्या न्यायशुल्क कायद्यात होते. मिळकत हजार रुपयांहून अधिक असल्यास तिच्या मूल्यावर शेकडा दोन असा मूळ दर होता. १९१० मध्ये मोठ्या मिळकतींसाठी तो अडीच व तीन टक्के झाला. मृत्युपत्राच्या अंमलदाराने मिळकतीचे मूल्य कमी दाखविल्यास १८७५ च्या दुरुस्तीने घातलेली कलमे लागू होत. प्रोबेट मिळाल्यापासून वर्षाच्या आत तूट भरण्यास आल्यास योग्य शुल्काच्या पाचपट, आणि त्यानंतर आल्यास वीसपट दंड होता. पन्नास हजारांच्या मिळकतीवर मूळ दराने हजार रुपये शुल्क होई. त्याची वीसपट म्हणजे वीस हजार, अर्थात मिळकतीचे दोन पंचमांश. शिवाय तूट लक्षात आल्यावर सहा महिन्यांत ती न भरणाऱ्या अंमलदारास हजार रुपये व तुटीच्या रकमेवर शेकडा दहा भरावे लागत. परंतु येथे हेतूस स्थान होते. खरे मूल्य कळल्यापासून सहा महिन्यांत तो स्वतः पुढे आला आणि फसवणुकीचा उद्देश नव्हता अशी महसूल अधिकाऱ्यांची खात्री झाली, तर दंड माफ होई.

हे शुल्क सर्वांवर सारखे पडले नाही. १८७० चा हिंदू मृत्युपत्र कायदा बंगालच्या मुलुखाबरोबर मद्रास व मुंबई या शहरांपुरताच लागू होता. साताऱ्यात मृत्युपत्र करून तेथील मिळकतीची वाटणी सांगणाऱ्या हिंदूच्या अंमलदारास प्रोबेट घेणे भाग नव्हते. एकत्र कुटुंबाची मिळकत उत्तरजीवित्वाने सहदायकांकडे जात असल्याने तेथे प्रोबेटाचा प्रश्नच उद्भवत नसे. मृत्यूनंतरच्या सर्व संपत्तीवरील व्यापक कर येण्यास १९५३ साल उजाडावे लागले, आणि तोही १९८५ मध्ये रद्द झाला.

दोन्ही शुल्कांची तुलना करता एक भेद स्पष्ट होतो. मिळकत मागे ठेवून गेलेल्याच्या अंमलदारास कायद्याने चूक व लबाडी यांतील फरक सिद्ध करण्याची संधी दिली. रोखा लिहून देणाऱ्या ऋणकोस पुराव्याच्या कलमात तशी संधी नव्हती. त्याच्यापुरता प्रश्न कागदावर तिकीट आहे की नाही आणि मजकुरात ‘देणे’ आहे की ‘देईन’, एवढाच उरला. म्हणून त्या काळच्या दप्तरांतील दस्त वाचताना अभ्यासकाने मजकुराइतकेच मुद्रांकाकडे, आणि मुद्रांकाइतकेच क्रियापदाकडे लक्ष दिले पाहिजे.