अल्प्राझोलाम : उपयोग, धोके आणि ओमानमधील काळजी

अल्प्राझोलाम हे बेंझोडायझेपीन वर्गातील चिंताशामक औषध आहे. अमेरिकेत त्यास १९८१ मध्ये मान्यता मिळाली. भारतात ते 'अल्प्रॅक्स', तर अन्यत्र 'झॅनॅक्स' या नावाने परिचित आहे.

उपयोग : मेंदूतील 'गाबा' या शामक रसायनाचा प्रभाव हे औषध वाढवते. अतिचिंता आणि पॅनिक डिसऑर्डर या विकारांत ते दिले जाते. चिंताविकारात प्रौढांची सुरुवातीची मात्रा साधारणतः ०.२५ ते ०.५ मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा असते. वृद्धांना त्याहून कमी दिली जाते. गुण लवकर येत असला, तरी दीर्घकालीन उपचारांत नैराश्यविरोधी औषधे व मानसोपचार यांना प्राधान्य असते.

धोके : गुंगी, विस्मरण, तोल जाणे हे दुष्परिणाम संभवतात. मद्य किंवा अफूजन्य वेदनाशामकांसोबत घेतल्यास श्वसन मंदावून मृत्यू ओढवू शकतो. मस्कतहून सलालाहपर्यंतच्या सुमारे हजार किलोमीटरच्या रस्त्यावर गुंगीत वाहन चालवणे जिवावर बेतू शकते. नियमित सेवनाने काही आठवड्यांतच शरीर औषधावर अवलंबून राहू लागते. अशा वेळी ते एकाएकी थांबवल्यास तीव्र अस्वस्थता, निद्रानाश आणि प्रसंगी झटके येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या संपूर्ण वर्गावरील ठळक इशारा अधिक कडक केला. मात्रा घटवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने.

कायदा : भारतात हे औषध 'एच-१' अनुसूचीत असून विक्रेत्यास रुग्ण व डॉक्टर यांची नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. भारताच्या २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार मनोप्रभावी पदार्थांच्या यादीतील औषधे दूरस्थ सल्ल्याने लिहून देता येत नाहीत. त्यामुळे पुण्यातील डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलून गोळ्यांची सोय करण्याचा मार्ग बंद आहे. ओमानमध्ये अमली व मनोप्रभावी पदार्थांविषयीचा कायदा १९९९ मध्ये राजाज्ञा क्रमांक १७/९९ अन्वये जारी झाला.

प्रवासापूर्वी : औषध मूळ वेष्टनातच ठेवावे. पासपोर्टवरील नावाशी जुळणारे प्रिस्क्रिप्शन आणि निदान, मात्रा व कालावधी नमूद केलेला वैद्यकीय अहवाल इंग्रजीत सोबत असावा. परवानगी व प्रमाण यांबाबत ओमानच्या आरोग्य मंत्रालयाकडून आधीच खात्री करून घ्यावी. नातलगांच्या किंवा शेजाऱ्यांच्या गोळ्या 'पोहोचवण्यासाठी' कदापि स्वीकारू नयेत. साठा संपत आल्यास गोळ्या अचानक बंद न करता स्थानिक मनोविकारतज्ज्ञांना गाठावे.