महाराष्ट्रातील पक्षी पर्यटन

पक्षी पर्यटन म्हणजे पक्ष्यांना त्यांच्या नैसर्गिक अधिवासात पाहण्याच्या मुख्य हेतूने केलेला प्रवास. मर्यादित भूप्रदेशातच आढळणाऱ्या, म्हणजेच प्रदेशनिष्ठ पक्ष्यांचा जाणकार वाटाड्याच्या साहाय्याने घेतलेला शोध हा या पर्यटनाचा एक महत्त्वाचा प्रकार आहे. महाराष्ट्रात या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे वनपिंगळा (रानपिंगळा). केवळ मध्य व पश्चिम भारतात आढळणारे हे लहान घुबड शंभरहून अधिक वर्षे नामशेष झाल्याचे मानले जात होते. १९९७ साली नंदुरबार जिल्ह्यातील शहादा परिसरात ते पुन्हा आढळले. तेव्हापासून सातपुडा, मेळघाट व ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्य ही ठिकाणे देश-विदेशांतील पक्षीनिरीक्षकांच्या प्रवासात महत्त्वाची ठरली आहेत.

संज्ञा व स्वरूप

एखादी प्रजाती ठरावीक भूप्रदेशाबाहेर नैसर्गिकरीत्या कोठेही आढळत नसेल, तर तिला त्या प्रदेशाची प्रदेशनिष्ठ प्रजाती म्हणतात. दुर्मीळ आणि प्रदेशनिष्ठ या संज्ञा समानार्थी नाहीत. सह्याद्रीत आढळणारा विगर्सचा सूर्यपक्षी प्रदेशनिष्ठ आहे, परंतु योग्य अधिवासात तो वारंवार दिसतो. याउलट ठाणे खाडीत हजारोंच्या संख्येने येणारा लहान रोहित (फ्लेमिंगो) प्रदेशनिष्ठ नाही. त्याच्या सर्वांत मोठ्या वसाहती आफ्रिकेत असून टांझानियातील नेट्रॉन सरोवर हे त्याचे प्रमुख प्रजननस्थान आहे. वनपिंगळा दुर्मीळही आहे व प्रदेशनिष्ठही. म्हणून त्याच्या शोधाला पक्षी पर्यटनात विशेष स्थान आहे.

सामान्य वन्यजीव सहलीत पर्यटक जंगलात जातो आणि जे दिसेल ते पाहतो. प्रदेशनिष्ठ पक्ष्यांच्या सहलीत आधी पक्षी ठरतो व नंतर स्थळ, ऋतू आणि वेळ ठरते. त्यामुळे अशा सहलीचे यश स्थळाच्या अचूक माहितीवर आणि ती माहिती बाळगणाऱ्या स्थानिक माणसावर अवलंबून असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतातील पक्ष्यांच्या आधुनिक नोंदींची सुरुवात प्रामुख्याने ब्रिटिश अधिकाऱ्यांनी केली. त्या काळी निरीक्षण म्हणजे बहुधा बंदुकीने पक्षी टिपून त्याचे कातडे संग्रहालयात जतन करणे असे. मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची (बीएनएचएस) स्थापना झाली. सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक १९४१ साली प्रसिद्ध झाल्यानंतर दुर्बिणीने पक्षी पाहण्याचा छंद सर्वसामान्यांपर्यंत पोहोचू लागला. मराठीत मारुती चितमपल्ली यांच्या लेखनाने व कोशकार्याने पक्ष्यांच्या स्थानिक नावांना प्रतिष्ठा मिळवून दिली. १९८० च्या दशकापासून राज्यात पक्षिमित्र संमेलने भरत आहेत. ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा जन्मदिवस असल्याने या दोन तारखांमधील काळ महाराष्ट्रात ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळला जातो.

वनपिंगळा : शोध, लोप व पुनर्शोध

वनपिंगळ्याचा पहिला नमुना एफ. आर. ब्लेविट यांनी १८७२ साली आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात मिळवला. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला ब्लेविट यांचे नाव दिले. पुढे खानदेशात नेमणुकीस असलेले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकाच्या प्रारंभी शहादा परिसरातून काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर या पक्ष्याची एकही विश्वासार्ह नोंद झाली नाही.

अपवाद होता तो रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या दाव्याचा. त्याच्या संग्रहातील एका नमुन्यावर तो १९१४ साली गुजरातमधील मांडवी येथे मिळाल्याची नोंद होती. ही नोंद खरी मानल्याने नंतरच्या शोधमोहिमांची दिशा चुकली. सलीम अली व डिलन रिप्ली यांनीही या पक्ष्याचा शोध घेतला, पण तो सापडला नाही.

अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी १९९० च्या दशकात विविध संग्रहालयांतील नमुन्यांची बारकाईने तपासणी केली. मांडवीचा म्हणून ठेवलेला नमुना प्रत्यक्षात डेव्हिडसन यांनी मिळवलेला, संग्रहालयातून चोरलेला आणि नव्याने भरून खोट्या चिठ्ठीसह ठेवलेला आहे, असे या तपासणीतून निष्पन्न झाले. खोटी नोंद वगळल्यावर शोधासाठी केवळ जुनी, खात्रीची ठिकाणे उरली. रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांनी प्रथम पूर्वेकडील ठिकाणे धुंडाळली. तेथे यश न आल्याने ते शहाद्याकडे आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी त्यांना एका निष्पर्ण झाडावर वनपिंगळा बसलेला दिसला. शेवटच्या विश्वासार्ह नोंदीनंतर ११३ वर्षांनी झालेले हे दर्शन होते.

त्यानंतर फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी तोरणमाळ परिसरात या पक्ष्याच्या वर्तनाचा व अधिवासाचा अभ्यास केला. मेळघाट आणि मध्य प्रदेशातील खंडवा जिल्ह्याची वने येथेही तो आढळला. ऑक्टोबर २०१४ मध्ये तानसा अभयारण्यातून त्याची नोंद झाली आणि सातपुड्याचा मानला जाणारा हा पक्षी मुंबई महानगराच्या उंबरठ्यावरही असल्याचे स्पष्ट झाले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो पूर्वी ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात होता. नव्या ठिकाणांची माहिती मिळाल्यानंतर २०१८ साली त्याला ‘संकटग्रस्त’ वर्गात ठेवण्यात आले. प्रौढ पक्ष्यांची एकूण संख्या एक हजाराहून कमी असल्याचा अंदाज आहे.

ओळख

वनपिंगळ्याची लांबी सुमारे २३ सें.मी. असते. गावाजवळ सर्रास दिसणाऱ्या ठिपकेवाल्या पिंगळ्याशी त्याचे बरेच साम्य असल्याने नवख्या निरीक्षकाची गल्लत होते. वनपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, पंख व शेपटीवर रुंद पट्टे असतात आणि पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा असतो. डोके व चोच तुलनेने मोठी आणि पाय पिसांनी भरलेले असतात. बहुतेक घुबडांप्रमाणे तो निशाचर नाही. दिवसा, विशेषतः सकाळी, तो सागाच्या उंच शेंड्यावर उघड्यावर बसतो. सरडे, सापसुरळ्या, उंदीर व नाकतोडे हे त्याचे मुख्य खाद्य आहे.

प्रमुख स्थळे

सातपुडा : शहादा, तळोदा व अक्राणी तालुक्यांतील सागवनांत पुनर्शोधानंतरचा बहुतांश प्रारंभिक अभ्यास झाला. तोरणमाळ हे थंड हवेचे ठिकाण या भागातील मुक्कामाचे केंद्र आहे. जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यातही या पक्ष्याच्या नोंदी आहेत.

मेळघाट : अमरावती जिल्ह्यातील हा व्याघ्र प्रकल्प वनपिंगळ्याच्या महत्त्वाच्या आश्रयस्थानांपैकी एक आहे. येथील कोरकू समाजातील तरुण वाटाडे म्हणून काम करतात.

तानसा : शहापूर तालुक्यातील हे अभयारण्य मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाभोवती पसरले आहे. मध्य रेल्वेवरील आटगाव हे त्याचे जवळचे स्थानक असल्याने मुंबई व नवी मुंबईतील निरीक्षकांना एका दिवसात जाऊन परतता येते. शिरवणे गावाजवळच्या जुईनगर स्थानकातून ठाण्यामार्गे कसारा दिशेने हा प्रवास लोकलने करता येतो.

कर्नाळा व सह्याद्री : पनवेलजवळचे कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ साली घोषित झाले. विगर्सच्या सूर्यपक्ष्यासारखे पश्चिम घाटाचे प्रदेशनिष्ठ पक्षी पाहण्यासाठी नवी मुंबईतील निरीक्षक येथे जातात.

ठाणे खाडी : शिरवणे, सानपाडा, नेरूळ ही गावे खाडीच्या पूर्व काठाच्या पट्ट्यात आहेत. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याची अधिसूचना २०१५ साली निघाली व २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोली येथील केंद्रातून वन विभागामार्फत मार्गदर्शकासह बोटीच्या फेऱ्या होतात. त्यांची वेळ भरती-ओहोटीवर ठरते. येथे प्रदेशनिष्ठ पक्षी हा मुख्य हेतू नसला, तरी अनेक निरीक्षकांचा पहिला अनुभव याच खाडीवरचा असतो.

वाटाड्याची भूमिका

वनपिंगळा आपल्या क्षेत्रात वर्षभर राहतो. त्यामुळे जोडीची जागा ठाऊक असलेल्या व्यक्तीला तो दाखवणे शक्य असते, तर अनोळखी माणूस त्याच जंगलात दिवसचे दिवस फिरून रिकाम्या हाती परतू शकतो. चांगला वाटाडा पक्ष्याची जागा सांगण्यापुरता मर्यादित नसतो. तो आवाजावरून प्रजाती ओळखतो, दोन पिंगळ्यांमधला फरक समजावतो, कोणत्या झाडाच्या ढोलीत घरटे आहे हे जाणतो आणि त्या झाडापासून गटाला दूर ठेवतो. लाकूडतोड वा गुराखी म्हणून जंगलाशी परिचय असलेली माणसे या कामात तरबेज ठरतात. पक्षी जिवंत राहिला तरच आपले काम चालते, हे ध्यानात आल्यावर शिकारीची किंवा आगीची खबर वन विभागापर्यंत पोहोचवणारेही बहुधा तेच असतात.

ऋतू व पद्धती

नोव्हेंबर ते मार्च हा सर्वांत सोयीचा काळ होय. सागाची पाने गळू लागल्यावर उंच फांदीवरचा पक्षी दुरून दिसतो. सूर्योदयानंतरचे पहिले दोन-तीन तास महत्त्वाचे असतात. दुर्बीण, वही, मातकट रंगाचे कपडे व पाणी एवढी सामग्री पुरते. अभयारण्यात प्रवेशासाठी वन विभागाची परवानगी व शुल्क आवश्यक असते.

याच काळात एक मूलभूत अडचणही आहे. वनपिंगळ्याचा वीणीचा हंगाम ऑक्टोबर ते मे असा पसरलेला असून प्रणयाराधन प्रामुख्याने जानेवारी-फेब्रुवारीत होते. म्हणजेच पर्यटकांच्या दृष्टीने सर्वोत्तम ऋतू हाच पक्ष्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक ऋतू असतो.

आक्षेप व संकेत

ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला समोर आणण्याची पद्धत सर्वाधिक वादग्रस्त आहे. वनपिंगळा अशा आवाजाला त्वरित प्रतिसाद देतो, म्हणून संशोधकांनी गणनेसाठी तिचा मर्यादित वापर केला. मात्र प्रत्येक गटाने तोच प्रयोग केल्यास पक्षी काल्पनिक प्रतिस्पर्ध्याला हुसकावण्यात वेळ व शक्ती घालवतो. त्या अवधीत अंडी वा पिल्ले उघडी पडतात. छायाचित्रासाठी घरट्याजवळ जाणे, फांद्या तोडणे किंवा आमिष ठेवणे यांवरही तीव्र आक्षेप घेतले जातात.

दुसरा प्रश्न स्थळाच्या गुप्ततेचा आहे. अचूक जागा जाहीर केल्यास गर्दी वाढते व शिकाऱ्यांनाही माहिती मिळते. अंधश्रद्धेपोटी घुबडांची हत्या व तस्करी होत असल्याने हा धोका वास्तव आहे. म्हणून ई-बर्डसारख्या नोंदणी संकेतस्थळांवर काही संवेदनशील प्रजातींची नेमकी ठिकाणे झाकली जातात. मात्र माहिती पूर्णपणे दडवल्यास धरण, रस्ता वा वृक्षतोडीच्या प्रस्तावाविरुद्ध पुरावा उरत नाही. त्यामुळे नोंद करावी, परंतु नेमकी जागा संशोधक व वन विभाग यांच्यापुरती ठेवावी, असा मध्यममार्ग सुचवला जातो.

संवर्धनाशी संबंध

वनपिंगळ्याला मुख्य धोका पर्यटनाचा नसून अधिवास नष्ट होण्याचा आहे. जुन्या, ढोली असलेल्या झाडांची तोड, वनजमिनीवरील अतिक्रमण, वणवे आणि सिंचन प्रकल्पांखाली जाणारी वने ही त्याची कारणे आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समावेश असल्याने पक्ष्याला कायद्याचे संरक्षण आहे. पण उभ्या जंगलाला बाजारमूल्य नसेल तर ते टिकवण्याची स्थानिक प्रेरणा कमकुवत राहते. पक्षी पर्यटनाचे समर्थन याच मुद्द्यावर केले जाते. मात्र मोबदला शहरातील आयोजकाकडेच राहिला, तर हा युक्तिवाद लागू पडत नाही.

जागतिक संदर्भ

प्रदेशनिष्ठ पक्ष्यांसाठीचा प्रवास आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर विकसित झाला आहे. टांझानियातील उझुंग्वा पर्वतात १९९१ साली शोधला गेलेला वनतित्तिर पाहण्यासाठी निरीक्षक दुर्गम जंगलात पायी जातात. घानामध्ये खडकांच्या आडोशाला मातीची घरटी बांधणारा पांढऱ्या मानेचा पिकाथार्टीस हा पक्षी अनेक वर्षे नोंदीत नव्हता. २००३ साली तो तेथे पुन्हा आढळला. आता गावातील वाटाडे पर्यटकांना त्याच्या घरट्यांच्या ठिकाणापर्यंत नेतात. हरवलेला पक्षी पुन्हा सापडणे, त्यापाठोपाठ प्रवासी येणे आणि जंगलाचे भवितव्य शेजारच्या गावाशी जोडले जाणे, हा क्रम घाना व सातपुडा या दोन्ही ठिकाणी दिसून येतो.