काढा, फांट आणि चहा : मोडनिंब परिसराच्या संदर्भात वनस्पतिजन्य उष्ण पेयांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

मराठी कुटुंबात आजाऱ्यास दिला जातो तो काढा आणि पाहुण्यास दिला जातो तो चहा, असा भेद सर्वसाधारणपणे केला जातो. हा भेद वाटतो तितका जुना नाही आणि तितका सरळही नाही. 'गवती चहा' हा शब्दच त्याचे उत्तम उदाहरण होय. ही वनस्पती चहाच्या कुळातील नसून एक सुगंधी गवत आहे. चहापान अंगवळणी पडल्यावाचून त्या गवतास हे नाव मिळणे शक्य नव्हते. आपल्या परसातील एका औषधीची ओळख परदेशी पेयाच्या नावाने व्हावी, यामागे एक सामाजिक इतिहास दडलेला आहे. प्रस्तुत लेखात सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंब या गावाच्या संदर्भात त्या इतिहासाचा मागोवा घेतला आहे. परसातील औषधी आणि लोहमार्गाने आलेला चहा हे दोन्ही प्रवाह अशा गावात एकत्र आलेले दिसतात, म्हणून ही निवड.

शास्त्रग्रंथातील कृती :

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वनस्पतीपासून औषध सिद्ध करण्याचे पाच प्रकार सांगितले आहेत : स्वरस, कल्क, शृत, शीत आणि फांट. यांपैकी शृत म्हणजेच क्वाथ किंवा काढा. शार्ङ्गधरसंहितेत यांची प्रमाणे निश्चित केलेली आढळतात. भरड कुटलेल्या द्रव्याच्या सोळापट पाणी घेऊन ते मातीच्या भांड्यात मंदाग्नीवर आटवावे व अष्टमांश उरल्यावर गाळावे, हा काढा. द्रव्याच्या चौपट कडकडीत पाण्यात ते टाकून, मुरवून, चोळून गाळावे, हा फांट. सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळावे, तो हिम.

ही विभागणी केवळ पंडिती नव्हे. कठीण साली, मुळे व खोडे यांतील अंश दीर्घकाळ उकळल्याखेरीज पाण्यात उतरत नाही. याउलट सुगंधी पानांतील उडनशील तेल उकळीबरोबर वाफेत निघून जाते. गवती चहाचा वास ज्या सिट्रल या घटकामुळे येतो, तो याच जातीचा. गवती चहा खळखळ उकळत असताना स्वयंपाकघर दरवळते खरे, परंतु तो दरवळ पेल्यातून वजा झालेला असतो. म्हणून सुंठ किंवा ज्येष्ठमध यांचा काढा करावा. तुळस व गवती चहा मात्र आधण उतरवून त्यात घालावेत आणि पाच-सात मिनिटे झाकण ठेवून मुरू द्यावेत, हीच रीत योग्य ठरते.

परसातील औषधी :

मोडनिंब हे माढा तालुक्यातील, पुणे-सोलापूर महामार्गावरील गाव. जिल्हा पर्जन्यछायेतील, येथील सरासरी वार्षिक पर्जन्यमान ५५० मि.मी.च्या आसपास आहे. अशा कोरड्या प्रदेशात औषधींची निवड पाण्यावर ठरते. गवती चहास ओल लागते, त्यामुळे तो न्हाणीच्या सांडपाण्यावर लावण्याची पद्धत पडली. अडुळशाची पाने जनावरे सहसा खात नाहीत, म्हणून तो कुंपणाला लावला जातो. खोकल्याचे औषध त्यातच मिळते. मात्र गर्भवतीस अडुळसा वर्ज्य समजला जातो. तुळशीस अंगणात स्थान आहेच. गुळवेल आधाराच्या झाडावर चढते व निंबावर चढलेली गुळवेल श्रेष्ठ मानली जाते.

या औषधींचे मोजमाप घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या हाती होते. चिमूट, बोटभर कांडे, चार पाने हीच त्यांची परिमाणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या प्रारंभी शंकर दाजीशास्त्री पदे यांनी 'आर्यभिषक्'सारख्या ग्रंथांतून वनस्पतींचे गुणधर्म मराठी वाचकांपुढे मांडले. १९०७ साली आयुर्वेद महासंमेलनाची स्थापनाही त्यांच्याच पुढाकाराने झाली. वैद्यकाचे ज्ञान अशा रीतीने छापील पानावर आले. आजीच्या चिमटीचे माप मात्र बहुतांशी अलिखितच राहिले.

चहाचे आगमन :

१८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आदींवर ग्रामण्याचे संकट ओढवले. आक्षेप प्रामुख्याने चहावर नसून तो ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातून घेण्यावर होता. तरीही चहा हे त्या काळी 'बाहेरचे' पेय होते, हे या प्रकरणावरून लक्षात येते. काढ्यावरून असा वाद उद्भवण्याचे कारण नव्हते, कारण काढा घरचा व औषधाचा.

चहा खेड्यांपर्यंत पोहोचला तो प्रामुख्याने संघटित प्रचाराने. १९०३ च्या कायद्याने चहाच्या निर्यातीवर उपकर बसविण्यात आला व त्या निधीतून पुढे देशांतर्गत प्रचार हाती घेण्यात आला. त्याची प्रमुख क्षेत्रे म्हणजे रेल्वे स्थानके, गिरण्या व बाजारपेठा. चहा कसा करावा हे देशी भाषांत सांगणारे पत्र्याचे रंगीत फलक स्थानकांवर लावले जात. १९०६ साली बार्शी लाइट रेल्वेची कुर्डुवाडी (तेव्हाचे बार्शी रोड) ते पंढरपूर ही अडीच फूट रुंदीची शाखा सुरू झाली. मोडनिंब हे या मार्गावरील स्थानक. पंढरपूरच्या यात्रेकरूंमुळे या छोट्या गाडीस वर्दळ लाभली. कुर्डुवाडीस ही शाखा मुंबई-मद्रास मुख्य मार्गाला जोडलेली असल्यामुळे शहरांतील जिन्नस व सवयी खेड्यांपर्यंत येण्यास वाट मिळाली.

येथे एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. प्रचारकांनी शिकविलेली कृती होती ती फांटाची : उकळते पाणी ओतावे, पाच मिनिटे मुरू द्यावे, दूध-साखर नंतर घालावी. लोकांनी स्वीकारली ती काढ्याची! पूड, दूध, गूळ वा साखर एकत्र घालून चहा खळखळून उकळण्यात आला. त्यात खर्चाचा विचार असावा, कारण थोड्या पुडीतून अधिक रंग उकळूनच निघतो. परंतु हाताला वळण काढ्याचे होते, हेही नाकारता येत नाही. महात्मा गांधींनी १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील कारावासात लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तिकेत चहातील टॅनिनवर आक्षेप घेतला, तो या उकळण्याच्या रीतीस अधिक लागू पडतो. त्याच पातेल्यात पुढे आले, सुंठ, वेलची व गवती चहा जाऊन पडले. म्हणजे परदेशी पानाचा काढा झाला आणि देशी पाने त्या काढ्यात चवीपुरती उरली. मात्रेचा विचार गळून पडला तो येथेच.

नव्या काळातील काढा :

२०२० च्या कोविड साथीत आयुष मंत्रालयाने 'आयुष क्वाथ' पुरस्कृत केला. त्यात तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन व काळी मिरी एक भाग असे प्रमाण होते. त्याचे तीन ग्रॅम चूर्ण १५० मि.लि. उकळलेल्या पाण्यात घालून चहाप्रमाणे दिवसातून एक-दोनदा घ्यावयाचे होते. शार्ङ्गधराच्या व्याख्येनुसार हा क्वाथ नव्हेच. आधणात मुरविण्याची रीत फांटाची आणि पाणी तर फांटाच्याही कितीतरी पट अधिक, म्हणजेच मात्रा सौम्य. तुळशीसारख्या सुगंधी द्रव्यास ही रीत अनुकूलच होती. तथापि नाव क्वाथाचे असल्याने अनेक घरांत तो अर्धाअधिक आटवून, दिवसातून चार-पाच वेळा घेतला गेला. मिरी व दालचिनीच्या अशा सेवनाने तोंड येणे, पोटात जळजळ होणे या तक्रारी ओघानेच आल्या.

गुळवेलीचा प्रश्न याहून गंभीर ठरला. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये यकृतास इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नसून गुळवेलीशी साम्य असलेली दुसरी जात वापरली गेली असावी, असा त्याचा मुद्दा होता. वाद कोणत्याही बाजूने सुटला तरी त्याचा रोख ओळख आणि मात्रा या दोन बाबींवरच येतो. परसातून गुळवेल तोडणाऱ्या स्त्रीस ती वेल कोणत्या निंबावर चढली आहे हे ठाऊक असे आणि बोटभर कांड्याचे मापही तिच्या हातात असे. दुकानातून आणलेल्या चूर्णाच्या डब्याबाबत यांपैकी पहिली गोष्ट ग्राहकास तपासता येत नाही आणि दुसरी बहुधा चहाच्या चमच्याने ठरते.