हॉकिंगचा आवाज आणि उघडा कोड

स्टीफन हॉकिंग म्हटलं की व्हीलचेअर आठवते आणि तो यंत्रातून येणारा, एकसुरी आवाज. माणूस पक्का इंग्रज, पण उच्चार अमेरिकन! त्या आवाजामागचं सॉफ्टवेअर कोणी लिहिलं, कोणी सांभाळलं आणि ते कसं वाचलं, ही गोष्ट आपण कोड लिहिणाऱ्यांनी एकदा तरी वाचावी अशी आहे.

१९८५ साली हॉकिंग जिनीव्हाला सर्नमध्ये गेले असताना त्यांना न्यूमोनियाने गाठलं. जीव वाचवायला श्वासनलिकेला छेद द्यावा लागला आणि एएलएसच्या आजारात उरलंसुरलं बोलणंही गेलं. मग कोणीतरी अक्षरांचा तक्ता समोर धरायचं, बरोबर अक्षर आलं की हे भुवई उचलायचे. एकेक अक्षर... अशा वेळी कॅलिफोर्नियातल्या वॉल्टर वोल्टोझ यांनी 'इक्वलायझर' नावाचा आपला प्रोग्रॅम पाठवला. तो त्यांनी मुळात सासूबाईंसाठी लिहिला होता, त्यांनाही एएलएसच होता. स्क्रीनवर शब्दांवरून पट्टी फिरत राहणार, हवा तो शब्द आला की हातातलं बटण दाबायचं. मिनिटाला साधारण १५ शब्द जमायचे.

पुढे हातही साथ देईना. २००८ च्या सुमारास गालाची हालचाल टिपणारा इन्फ्रारेड सेन्सर चष्म्याला बसवला. पण २०११ पर्यंत वेग मिनिटाला एक-दोन शब्दांवर आला होता. हॉकिंग यांनी इंटेलच्या गॉर्डन मूर यांना पत्र लिहिलं. (हो, 'मूर्स लॉ'वाले मूर!) इंटेल १९९७ पासून त्यांना संगणक पुरवतच होती. आता लामा नचमन यांची टीम कामाला लागली.

यापुढचा भाग आपल्या रोजच्या अनुभवातला. टीमने नवीनवी तंत्रं आणली. डोळ्यांची हालचाल टिपून पाहिली, मेंदूतले संकेत वाचून पाहिले. नाही जमलं. आणि युजरचं म्हणणं काय, तर माझं जुनं सॉफ्टवेअर मला पाठ आहे, ते फार बदलू नका! शेवटी पट्टी, गाल आणि शब्द हीच पद्धत ठेवून आतलं सगळं नव्याने लिहिलं. शब्दांचा अंदाज बांधायला स्विफ्टकी कंपनीचं तंत्र घेतलं आणि त्याला हॉकिंग यांचंच लेखन शिकवलं. एक शब्द निवडला की 'ब्लॅक' समोर येई, 'ब्लॅक' निवडला की 'होल'! इंटेलच्या म्हणण्याप्रमाणे टायपिंगचा वेग दुप्पट झाला आणि २० टक्क्यांहून कमी अक्षरं टाइप करावी लागू लागली.

ऑगस्ट २०१५ मध्ये इंटेलने हे सॉफ्टवेअर 'अ‍ॅकॅट' नावाने ओपन सोर्स केलं. स्विफ्टकीचा भाग खासगी, म्हणून त्याच्या जागी 'प्रेसाज' हे मुक्त इंजिन बसवलं. म्हणजे कोड नुसता गिटहबवर टाकून भागत नाही. बंद असलेला एकेक सुटा भाग उपटून तिथे उघडा बसवावा लागतो. खरी मेहनत तिथे असते.

एक भाग मात्र उघडा झाला नाही. तो म्हणजे हॉकिंग यांचा आवाज. त्याचं मूळ एमआयटीच्या डेनिस क्लॅट यांच्या संशोधनात, किंबहुना त्यांच्या स्वतःच्याच आवाजात. हॉकिंग तो 'स्पीच प्लस' कंपनीच्या 'कॉलटेक्स्ट ५०१०' या हार्डवेअर बोर्डावरून वापरत. क्लॅट १९८८ मध्ये गेले. कंपनी विकली गेली, जिने घेतली तीही विकली गेली. बोर्ड जुने झाले. नवे आवाज कितीतरी चांगले होते, पण हॉकिंग यांना तोच हवा होता. तो आता त्यांचा झाला होता ना!

मग बोर्ड बनवणाऱ्या जुन्या टीममधले एरिक डॉर्सी, केंब्रिजचे पीटर बेनी आणि इतर काही जण अनेक वर्षं खपले. चिपमधला प्रोग्रॅम जसाच्या तसा काढून रास्पबेरी पायवर एम्युलेटर चालवला. गंमत म्हणजे त्यातल्या एनईसीच्या चिपचा एम्युलेटर त्यांना 'हिगन' या ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये मिळाला, जो सुपर निन्टेंडोचे जुने गेम खेळण्यासाठी लिहिलेला! जानेवारी २०१८ मध्ये हॉकिंग यांनी तो ऐकून पसंत केला. १४ मार्च २०१८ ला ते गेले.

मला या सगळ्यातून एवढंच दिसतं : जे सॉफ्टवेअर कोणाचं तरी तोंड आहे, त्याचं आयुष्य कंपनीच्या आयुष्याला बांधलेलं नसावं. जगातला सगळ्यात प्रसिद्ध शास्त्रज्ञ, म्हणून त्यांच्यासाठी माणसं जमली. वाचा गेलेल्या एखाद्या कारकुनासाठी कोण जमणार? त्याच्यासाठी कोड उघडाच हवा.

आणि त्याला मराठीत बोलायचं असेल तर? ईस्पीक एनजी या मुक्त इंजिनात मराठी आहे, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा असला तरी समजतो. प्रेसाजसारखं इंजिन ज्या मजकुरावर शिकवाल ती भाषा बोलतं. काना-मात्रा आणि जोडाक्षरं पट्टी फिरवून कशी निवडायची, हे कोडं मात्र सिएटल किंवा लंडनमध्ये बसून कोणी आपल्यासाठी सोडवणार नाही. ते ज्यांना 'ज्ञ' आणि 'र्‍य' कसे टाइप करतात हे माहीत आहे, त्यांचंच काम.

असो. कोड उघडा आहे. शनिवार-रविवार आपल्याकडे आहेतच.