तिकीट आपल्या हातात

भाऊबीजेला माहेरी जायचं असो, आषाढीला पंढरपूर गाठायचं असो, की दवाखान्याची चिठ्ठी घेऊन पुण्या-मुंबईला जायचं असो, लांबचा प्रवास म्हटला की आपल्यापैकी बहुतेकींच्या डोळ्यांपुढे एसटीच येते. बाईमाणूस एकटी लांबच्या गाडीत बसते याचं आज कुणाला नवल वाटत नाही. हे कसं जमलं, याची गोष्ट आजच्या भागात सांगतो.

एसटीच्या आधी रस्त्यांवर खाजगी मोटारी धावायच्या. त्यांना लोक 'सर्व्हिस' म्हणत. गाडी कधी सुटेल, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं : भरली की सुटेल! भाडं मालकाच्या मर्जीचं आणि माणसं दाटीवाटीने कोंबलेली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा कित्येक मोटारी कोळशाच्या गॅसवर चालवल्या गेल्या. १९३९ साली मोटार वाहन कायदा आला आणि या धंद्याला थोडी शिस्त लागू लागली. तरी सुटायची वेळ नक्की नाही, पोचायची नाही, भाड्याचाही भरवसा नाही, अशा गाडीत घरची माणसं लेकीला एकटीला कशी बसवणार? सोबतीला भाऊ, दीर, नाहीतर गावचा कुणी जाणता माणूस मिळाला, तरच तिचं जाणं व्हायचं.

१ जून १९४८ रोजी सरकारच्या मालकीची पहिली एसटी अहमदनगरहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, पुण्याला निघाली. तेव्हा आपलं राज्य मुंबई प्रांत होतं. बेडफर्ड कंपनीची गाडी, लाकडी सांगाडा, काथ्या भरलेल्या गाद्या. चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. नगर ते पुणे तिकीट होतं अडीच रुपये.

या गाडीने बाईमाणसाला काय दिलं? ठरलेली वेळ, ठरलेलं भाडं आणि हातात छापील तिकीट. तिकीट हातात असलं की घासाघीस नको, कुणाची मनधरणी नको. अंगावर सरकारी गणवेश आणि बिल्ला असलेला वाहक गाडीत असे. तक्रार करायला जागा होती. 'दहाच्या गाडीत बसवतो, तिकडे उतरवून घ्या,' असं दोन्ही घरांना ठरवता येऊ लागलं. सोबतीचं काम वेळापत्रकाने केलं.

१९५० साली देशात रस्ते वाहतूक महामंडळांचा कायदा झाला. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं. डांबरी रस्ता नसला तरी मुरमाच्या रस्त्यावरून एसटी खेड्यात शिरली आणि गावात मुक्कामाची गाडी येऊ लागली. सांजची गाडी आली की टपाल आलं, पाहुणे आले. शहरात शिकणाऱ्या लेकरांचा जेवणाचा डबा आया सकाळच्या गाडीने पाठवायच्या आणि पोरं स्टँडवर येऊन तो घ्यायची. कित्येक घरांतली पहिली पदवी या डब्यांवर झाली आहे.

दिल्लीत १९८२ साली एशियाड खेळ झाले, त्यांच्या नावावरून निमआराम गाडीला लोक 'एशियाड' म्हणू लागले. पुढे त्या गाडीला हिरकणीचं नाव मिळालं. तान्ह्या बाळासाठी रायगडाचा कडा रात्रीच्या अंधारात उतरणारी ती गवळण. स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी जी खोली असते, तिलाही 'हिरकणी कक्ष' म्हणतात. स्टँडवर ती खोली असेल तर हक्काने वापरा. कुलूप दिसलं तर वाहतूक नियंत्रकाकडे किल्ली मागा.

१७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत बायांना तिकिटात निम्मी सवलत मिळाली. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास सुरू झाला होता. या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच आहेत. बेळगाव किंवा हैदराबादला निघालात, तर हद्दीपुढचं पूर्ण भाडं पडतं, तेवढे पैसे जवळ ठेवा.

आता लांबच्या प्रवासाच्या चार गोष्टी. उतरेपर्यंत तिकीट जपून ठेवा. अपघात झाला, तर आपण त्या गाडीत होतो याचा तोच पुरावा. गाडी वाटेत बंद पडली, तर त्याच तिकिटावर मागून येणाऱ्या एसटीत बसवून द्यायला वाहकाला सांगा. संकटकाळी बाहेर पडायचा दरवाजा कुठे आहे, ते बसल्या बसल्या पाहून घ्या. थांब्यावर खाली उतरताना गाडीचा नंबर पाठ करा, कारण रात्री सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात.

एक गोष्ट मात्र अजून अवघडच आहे. वाटेत स्वच्छतागृह धड नसेल या धास्तीने किती जणी सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत! उन्हाळ्यात चक्कर येते, लघवीची जळजळ मागे लागते, गरोदर बाईचे तर फारच हाल होतात. तिकीट निम्मं झालं, पण आठ तास तहानलेलं राहावं लागत असेल, तर तो प्रवास सुखाचा कसा म्हणायचा?

एसटी आपल्याला किती लागते, ते अलीकडेच कळून चुकलं. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. कामगारांची दुःखं खरी होती. पण त्या महिन्यांत खेड्यातल्या पोरींची शाळा-कॉलेजची वाट अडली. मुलगा कुणाच्या गाडीवर मागे बसून गेला, मुलीला मात्र घरी थांब म्हणून सांगितलं गेलं. गाडी बंद झाली की आधी बाईचं जाणं बंद होतं, हे आपण तेव्हा पाहिलं.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की हाही विषय घ्या. आपल्या गावची कोणती फेरी बंद झाली? शेवटची गाडी किती वाजता येते? कोणत्या थांब्यावर स्वच्छतागृहाला कडी नाही, पाणी नाही? सगळं तारखेनिशी लिहा, खाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या, गटाचा शिक्का मारा आणि अर्ज आगार व्यवस्थापकांना द्या. पोच घ्यायला विसरू नका. ग्रामसभेत ठराव करून तोही सोबत जोडा. स्टँडवर तक्रार पुस्तक असतं, ते मागून घ्या आणि त्यातही लिहा. एकीने लिहिलं तर कागद पडून राहील, वीस जणींनी लिहिलं तर विचारणा होईल.

अर्ज दिलात की काय उत्तर आलं ते आम्हाला कळवा, पुढच्या एखाद्या भागात ते सगळ्यांना ऐकवू. तोवर रामराम.