शोधसूत्रावरचा खटला

९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले आणि दोन्हींच्या मुळाशी शब्दकोडं होतं. एका खटल्यात मुंबई राज्य, दुसऱ्यात केंद्र सरकार; समोर दोन्हीकडे आर. एम. डी. चमारबागवाला. त्यांच्या कंपनीचं ‘स्पोर्टिंग स्टार’ हे साप्ताहिक बंगळूरला छापलं जाई, पण त्यातली कोडी भरून फी पाठवणारे पुष्कळ लोक मुंबई राज्यातले होते. फॉर्म आणि पैसे गोळा करायला इथे एजंट नेमलेले. मुंबई सरकारने १९४८ साली लॉटरी आणि बक्षीस-स्पर्धांना लगाम घालणारा कायदा केला, तेव्हा राज्याबाहेर छापलेली वर्तमानपत्रं त्यातून सुटली होती. १९५२ च्या दुरुस्तीने ती पळवाट बुजली आणि कंपनी कोर्टात गेली. उच्च न्यायालयात जिंकलीही.

त्या काळच्या बक्षिसी कोड्यांची गंमत शोधसूत्रांत होती. नमुन्यादाखल एक रचून पाहू. दोन घरं आहेत, दुसऱ्यात ‘न’ आधीच भरलेला, आणि सूत्र असं: ‘दारी आलेल्याला हे दिल्याशिवाय पाठवू नये.’ दान की पान? दोन्ही चालतात. कितीही डोकं खाजवलं तरी दोन्ही चालतातच, कारण सूत्र तसंच बेतलेलं आहे. सोडवणाऱ्याने एक फॉर्म ‘दान’चा भरावा, एक ‘पान’चा, आणि दोन्हींची फी द्यावी.

चमारबागवालांच्या स्पर्धेत न्यायालयाला याहून मोठी मेख दिसली. सूत्रं ४०. उत्तरं आधीच ठरवून बँकेत ठेवलेली. परीक्षक मंडळ त्यातली ९ सूत्रं निवडणार आणि त्या नऊंपुरतीच उत्तरं जुळवून पाहणार. म्हणजे बाकीची ३१ चुकलेल्याला पहिलं बक्षीस मिळू शकतं, आणि ३१ बरोबर आलेला हात हलवत परत जातो. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापर्यंत मागे जाऊन हा जुगार ठरवला, व्यापार नव्हे. उच्च न्यायालयाचा निकाल फिरला.

दुसरा निकाल न्या. वेंकटराम अय्यर यांनी लिहिला आणि कोड्यांच्या दृष्टीने तोच जास्त मोलाचा. महिन्याला एकूण हजार रुपयांवर बक्षिसं देता येणार नाहीत, एका स्पर्धेत दोन हजारांवर प्रवेशिका घेता येणार नाहीत, असं १९५५ चा केंद्रीय कायदा सांगत होता. न्यायालय म्हणालं, ही बंधनं जुगारी स्पर्धांनाच लागू. जिथे यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे ती स्पर्धा मोकळी. ऑनलाइन रमीच्या खटल्यांत आजही याच निकालांचा आधार घेतला जातो.

नेमक्या त्याच वर्षांत लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये उलटी स्पर्धा चालू होती. ‘झिमेनेस’ या टोपणनावाने कोडी रचणारे डेरिक मॅकनट हे शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवायचे. त्यांच्या आधी हे सदर चालवणाऱ्या पॉविस मॅथर्स यांनी स्पॅनिश छळन्यायालयाच्या टॉर्कमाडाचं नाव घेतलं होतं. मॅकनट यांनीही छळाधिकाऱ्यांच्या त्याच मालिकेतला कार्डिनल झिमेनेस निवडला. ते वाचकांना शब्द देत आणि सांगत: याचं सूत्र तुम्ही लिहा. उत्तर सगळ्यांनाच ठाऊक, चुरस फक्त रचनेची. कसोटी कडक होती. सूत्रात शब्दाची व्याख्या हवी, त्याच शब्दाकडे नेणारा शब्दखेळ हवा, आणि तिसरं काहीही नको. चकवा हवा तेवढा द्या, पण उत्तर कळल्यावर ‘दुसरं काही असूच शकत नव्हतं’ असं सोडवणाऱ्याला पटलं पाहिजे. १९६६ साली त्यांनी यावर पुस्तकच लिहिलं. १९७२ पासून ही परंपरा जोनाथन क्राउदर यांनी ‘अझेड’ नावाने पुढे नेली. तेही डेझा या छळाधिकाऱ्याचं नाव उलटं करून.

हा न्याय आपल्याकडे अनोळखी होता असं नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे, म्हणजे शब्दकूटांचे, सोळा प्रकार सांगितले आणि जुन्या आचार्यांनी चौदा दुष्ट प्रहेलिकाही मोजल्याची नोंद केली. दोषांना अंत नाही म्हणून स्वतः मात्र फक्त चांगल्यांचं वर्णन केलं. तरीही मराठी वर्तमानपत्रातलं कोडं बहुतेक समानार्थी शब्दांवरच थांबलं, ही खंत आहेच.

भाषा कमी पडते म्हणावं, तर तसंही नाही. ‘बाजारात राजूकडे सापडेल तोलायचं साधन (३)’: बाजारा‘त राजू’कडे पाहा, तराजू तिथेच आहे. ‘चुरगळलेलं कमल पोलीस लावतात (३)’: कलम. नदी उलटी वाहिली की दीन होते. अडचण येते ती काना-मात्रांची. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं. आपल्याकडे घरात अख्खं अक्षर बसतं, त्याचा काना त्याला चिकटलेला. त्यामुळे नवऱ्याची कितीही मोडतोड केली तरी वानर होत नाही. काना ‘र’ सोडून ‘व’वर यायला तयार नसतो.

समजा, मराठीत अशी सूत्रलेखनाची स्पर्धा लावली आणि शब्द दिला ‘वारजे’. पुण्याच्या नैऋत्येचं, मुठेकाठचं हे उपनगर; ‘स्पोर्टिंग स्टार’ जिथून येई त्या बंगळूरचा महामार्ग आज याच्यातूनच जातो. फोड सोपी आहे: वार आणि जे. पहिला स्पर्धक लिहील, ‘घाव सोसणारे जे ते पुण्याचे उपनगर’. यातलं ‘सोसणारे’ आणि ‘ते’ फुकटचे, बाद. दुसरा लिहील, ‘घाव जे पुण्याचे उपनगर’. नियमात चोख, पण वाक्याला अर्थच नाही. तिसऱ्याचं: ‘दिवस जे पुण्याच्या नैऋत्येला वसले (३)’. इथे ‘वसले’ वरवर दिवसांचं अनेकवचन आहे आणि आतून गावाचं नपुंसकलिंगी एकवचन. दोन्ही वाचनांत व्याकरण शाबूत. चौथ्याला मोह होईल ‘घाव जे पुण्याच्या नैऋत्येला बसले’ असं लिहायचा. वाक्य अधिक सहज, कारण घाव बसतातच. पण गाव वसतं, बसत नाही. बक्षीस तिसऱ्याला. मात्र त्यानेही लेखी मराठीला धरून राहावं. बोलीतलं ‘वसलं’ केलं, की दिवसांचं अनेकवचन हातचं जातं.